कच्चं चिकन खाणाऱ्या कुत्र्याला भाजी हवी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांचा, 30 किलोचा लॅब्रेडोर. सहा महिन्यांपासून कच्चं चिकन, चिकनच्या माना आणि कलेजी, एवढ्यावरच आहे. यजमान म्हणतात, कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला पालेभाजी कशाला? सासूबाई म्हणतात, जनावराच्या पोटालाही गाजर-पपई हवीच. त्यातच हल्ली त्याची शी पांढरट, कोरडी होते आणि त्याला कुंथावं लागतं. तर कच्च्या आहारावरच्या कुत्र्याला फळं-भाज्या लागतात की नाही?

फळं लागत नाहीत. भाजीही "नाही मिळाली तर आजारी पडेल" या अर्थाने लागत नाही. पण तुम्ही जे जेवण सांगितलंत, त्यात मी भाजी नक्की घालेन. आणि भाजीच्या आधी आणखी काही गोष्टी घालेन, कारण त्यांची उणीव भाजीपेक्षा जास्त घातक आहे. हे सविस्तर सांगतो. कच्च्या आहाराबद्दल दोन्ही बाजूंनी फार ठामपणे बोललं जातं आणि त्यात कुत्र्याचे हाल होतात.

शरीराला पोषकद्रव्यं लागतात, अमुक एक पदार्थ लागत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2006 साली कुत्र्या-मांजरांच्या पोषणाचा जो अहवाल काढला, त्यात प्रथिनं, मेदाम्लं, खनिजं, जीवनसत्त्वं यांची किमान मात्रा दिली आहे. निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी पिष्टमय पदार्थांची किंवा तंतूंची किमान मात्रा मात्र ठरवलेली नाही, कारण प्रथिनं पुरेशी असतील तर कुत्र्याचं यकृत लागेल ती साखर त्यातूनच बनवतं. क जीवनसत्त्वाचंही तसंच. आपल्याला ते आवळा-लिंबातून घ्यावं लागतं, कुत्र्याचं यकृत ते स्वतः तयार करतं. म्हणून "क जीवनसत्त्वासाठी संत्रं द्या" हा सल्ला माणसासाठी ठीक, निरोगी कुत्र्यासाठी निरर्थक. गाभण कुत्री हा अपवाद. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीच्या प्रयोगांत पिष्ट अजिबात न दिलेल्या काही कुत्र्यांची रक्तशर्करा विण्याच्या सुमारास घसरली आणि पिल्लं दगावली. गाभणपणात निव्वळ मांसाचा हट्ट धरू नये.

आता लांडग्याकडे येऊ. कच्च्या आहाराच्या लाटेत दोन ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांची नावं कायम येतात. इयन बिलिंगहर्स्ट यांच्या पद्धतीत मांस आणि हाडांबरोबर वाटलेली भाजी असते. टॉम लॉन्सडेल यांचा भर मांसल हाडांवर आणि अख्ख्या शिकारीवर. नंतर "80-10-10" हे सूत्र पसरलं: 80 टक्के मांस, 10 टक्के हाड, 10 टक्के अवयव, भाजी शून्य. भाजीचे समर्थक सांगतात की लांडगा शिकारीच्या पोटातला पाला खातो. हे बरोबर नाही. अर्धशतकाहून जास्त काळ लांडग्यांचा अभ्यास करणारे डेव्हिड मीच आणि इतरांनी नोंदवलंय की मोठ्या शिकारीचं पोट फाडल्यावर लांडगे आतला चारा बहुतेकदा सांडून देतात आणि पोटाची भिंत खातात. पण म्हणून "लांडगा वनस्पतीला तोंड लावत नाही" हेही खरं ठरत नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात तपासलेल्या लांडग्यांच्या विष्ठेपैकी सुमारे तीन चतुर्थांश नमुन्यांत वनस्पती सापडली, मुख्यतः गवत. मिनेसोटात व्हॉयाजर्स राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात लांडगा पोटातून आणलेली ब्लूबेरी पिल्लांपुढे ओकतानाची नोंद आहे. आपल्याकडे तर "कोल्हा काकडीला राजी" ही म्हणच आहे, आणि कोल्हा हा कुत्र्याच्याच कुळातला. बोरांच्या दिवसांत माळावरच्या कोल्ह्याच्या विष्ठेत बोराच्या आठळ्या दिसतात. या कुळाला मांस प्रिय आहे, पण मिळेल ते पचवायचीही तयारी आहे.

शिवाय कुत्रा आता लांडगा राहिलेला नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले एरिक अक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवलं की पिष्ट पचवणारं अमायलेझ बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगल्याचा हा परिणाम. आपल्या गावातली कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-दुधावर जगली ती याच जोरावर. जगली म्हणजे ते जेवण परिपूर्ण होतं असा अर्थ मी काढत नाही, पण "कुत्र्याला धान्य-भाजी पचतच नाही" हे चूक आहे एवढं नक्की.

यजमानांना माझं सांगणं असं की लांडग्याचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. लांडगा कातडी, केस, रक्त, आतडं, प्लीहा, मेंदू, सगळं खातो. तुमच्या कुत्र्याच्या भांड्यात सोललेलं ब्रॉयलर चिकन आहे. या दोन जेवणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि भाजीचा खरा प्रश्न या फरकातून येतो.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी बंदिवासातल्या चित्त्यांना एकदा अख्खे ससे आणि एकदा वरून पूरक द्रव्यं घातलेलं गोमांस दिलं. अख्ख्या सशांवर असताना विष्ठेतली इंडोल-फिनॉलसारखी प्रथिनं कुजल्याने होणारी द्रव्यं कमी आढळली. केस, कातडी, कूर्चा, स्नायुबंध हे न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथे तंतूंचं काम करतात. चित्ता तर कुत्र्यापेक्षा कितीतरी कडवा मांसाहारी, त्याच्या आतड्यालाही हा चोथा उपयोगी पडतो. सोललेल्या चिकनमध्ये असा चोथा जवळपास नसतो. ती जागा तुम्ही केसाळ सशाने भरू शकणार नाही. मूठभर भाजीने बरीचशी भरता येते. भाजीतले विरघळणारे तंतू मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांवर पोसतात.

दुसरं उदाहरण मँगनीजचं. कूर्चा आणि हाडांच्या घडणीत लागणारं हे खनिज मांसात अगदीच थोडं असतं. 30 किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण 1200 किलोकॅलरी लागतात आणि त्या हिशेबाने मँगनीज दीड मिलिग्रॅमच्या आसपास. 100 ग्रॅम चिकनमध्ये ते जेमतेम 0.02 मिलिग्रॅम असतं. दिवसभराचं चिकन आणि कलेजी धरूनही बेरीज पाव मिलिग्रॅमच्या आसपास अडखळते. पालकात 100 ग्रॅमला सुमारे 0.9 मिलिग्रॅम, म्हणजे 60 ग्रॅम पालकाने अर्धा मिलिग्रॅम मिळेल. नुसत्या भाजीनेही भागत नाही, हे त्यातून दिसतं. तीस ग्रॅम नाचणीच्या पिठाची मऊ शिजवलेली आंबील दिली तर साधारण एक मिलिग्रॅम मिळतं. ती बिनताकाची, बिनमिठाची असावी. किनारपट्टीवर राहत असाल तर शिजवलेले शिणाणे हा त्याहून चांगला मार्ग, कारण शिंपल्यांमध्ये मँगनीज भरपूर असतं. भाजी न देता कच्चा आहार नीट चालवणारे परदेशातले जाणकार शिंपलेच वापरतात. मँगनीज कमी पडलं म्हणून कुत्रा उद्या लंगडणार नाही, पण वर्षानुवर्षं गरजेच्या एक षष्ठांशावर ठेवणं मला मान्य नाही.

आता भाजीपेक्षा निकडीच्या गोष्टी. सगळ्यात पहिलं कॅल्शियम. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतं, तर हवं असतं दोन्ही जवळपास सारखं किंवा कॅल्शियम थोडं जास्त. प्रमाण असं उलटलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. बोनलेस चिकन आणि किसलेलं गाजर, अशा "शुद्ध" आहारावर वाढलेली, पाय वाकलेली, उडी मारताच हाड मोडलेली पिल्लं माझ्याकडे येतात, तेव्हा जीव तुटतो. त्या पालकांनी माया कमी केलेली नसते, पैसा तर भरपूर खर्च केलेला असतो. गाजराने कॅल्शियम भरून निघत नाही, एवढंच कोणी सांगितलेलं नसतं. उलट मोठ्या जातीच्या पिल्लाला अंदाजाने कॅल्शियमच्या गोळ्या चारल्या तरी सांधे-हाडं बिघडतात. म्हणून एक वर्षाखालच्या पिल्लाला, विशेषतः लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या जातींत, घरच्या घरी जुळवलेला आहार देऊच नका. पशुपोषणतज्ज्ञाने लिहून दिला असेल तरच द्या.

तुमच्या कुत्र्याची अडचण याच्या उलट आहे. पांढरी, कोरडी, चुरा होणारी शी म्हणजे हाड जास्त झालंय. मानांमध्ये मांसाच्या मानाने हाड फार असतं. यावर भोपळा घालून शी मऊ करणं म्हणजे लक्षण झाकणं. आधी माना निम्म्याने कमी करा, त्या जागी मांडीचं मांस द्या, मग भोपळा द्या. उरलेल्या मानांचं हाड त्याच्या कॅल्शियमला पुरतं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांसोबत वजन करून एकदा ठरवून घ्या.

जस्त, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्वं आणि ओमेगा-3 मेदाम्लं हीसुद्धा निव्वळ चिकनमध्ये तोकडी पडतात, आणि यांपैकी एकही उणीव गाजर-भोपळ्याने भरत नाही. परदेशी पाककृतींमध्ये बीफ, कोकराचं मांस, गुरांचं हृदय, हरणाचं मांस असं फिरवून दिलेलं असतं. महाराष्ट्रात गायीबरोबरच 2015 पासून बैल, वळू यांचीही कत्तल बंद आहे, मटण महाग, म्हणून इथला "रॉ डाएट" बहुतेक घरांत फक्त ब्रॉयलर असतो. निदान आठवड्यातून दोनदा म्हशीचं मांस किंवा मटणाची छाट, वजडी, दोनदा बांगडा किंवा तारली आणि अधूनमधून अंडं येऊ द्या. मासा शिजवून, काटे काढून द्यावा. कलेजी रोज 30-40 ग्रॅमच्या वर नको, कारण त्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं. एवढं करूनही ई जीवनसत्त्व, आयोडीन आणि बहुधा जस्त बाहेरून द्यावंच लागतं. त्याचं प्रमाण तुमच्या पशुवैद्याकडून ठरवून घ्या, औषधाच्या दुकानातून माणसाच्या मल्टिव्हिटॅमिनचं पाकीट आणू नका.

मग भाजीने नेमकं काय साधतं? आतड्यातल्या जंतूंना खाद्य आणि शीला आकार मिळतो, थोडी खनिजं आणि कॅरोटिनॉइड्स मिळतात. गाजरातल्या बीटा कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व कुत्रा बनवू शकतो, मांजर नाही. तुमच्या लॅबला तर आणखी एक फायदा आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की सुमारे पाव लॅब्रेडोरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री जास्त हावरी आणि वजनदार असतात. सतत भांडं चाटणाऱ्या अशा कुत्र्याला उष्मांक न वाढवता पोट भरल्याचं समाधान द्यायला उकडलेली फरसबी आणि दुधी यांसारखं दुसरं काही नाही. कर्करोगाबद्दल विचाराल तर 2005 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून एक अभ्यास आला होता. त्यात आठवड्यातून किमान तीनदा भाजी खाणाऱ्या स्कॉटिश टेरियर कुत्र्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका बराच कमी दिसला, त्यातही हिरव्या पालेभाज्या आणि पिवळ्या-केशरी भाज्यांमुळे. ही जात त्या कर्करोगाला फार बळी पडते आणि माहिती मालकांच्या आठवणीवर आधारलेली होती, म्हणून मी ते सगळ्या कुत्र्यांना सरसकट लावत नाही. पण मूठभर भाजीच्या बाजूने झुकायला मला तो अभ्यास पुरेसा वाटतो.

भाजी किती आणि कशी द्यायची? रोजच्या अन्नाच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के. तुमचा कुत्रा दिवसाला 700 ग्रॅम खात असेल तर 35 ते 70 ग्रॅम, म्हणजे एक छोटी वाटी. कुत्रा चावत नाही, गिळतो, आणि वनस्पतीच्या पेशींची भिंत फोडणारं पाचकद्रव्य त्याच्याकडे नाही. कच्च्या गाजराचा तुकडा जसा गेला तसाच दुसऱ्या दिवशी बाहेर येतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. म्हणून वाफवून कुस्करा किंवा मिक्सरमधून काढा. मांसातल्या चरबीबरोबर मिसळली की कॅरोटिनॉइड्स चांगली शोषली जातात. मीठ, फोडणी, हळद-तिखट काही नको. आपल्या पानातली उरलेली भाजी तर नकोच, कारण तिच्यात कांदा-लसूण असतोच.

माझी पहिली पसंती लाल भोपळ्याला, ज्याला काही भागांत डांगर म्हणतात. तो स्वस्त, बारमाही आणि पोटाला सोसणारा आहे. त्यानंतर गाजर, फरसबी, दुधी, घेवडा. दुधीचा तुकडा आधी स्वतः चाखून पाहा, कडू असेल तर फेकून द्या, कडू दुधी माणसालाही बाधतो. रताळं चालेल, पण त्यात पिष्ट जास्त म्हणून थोडंच. पालक, माठ, शेवग्याचा पाला आठवड्यातून दोन-तीनदा, उकळून पाणी काढून टाकून. ज्या कुत्र्याला ऑक्झलेटचे मुतखडे झालेत त्याला पालक अजिबात नको. कोबी-फ्लॉवरने वायू होतो. नव्या भाजीची सुरुवात चमच्याने करा, एका वेळी एकच, म्हणजे जुलाब झाले तर कशाने हे कळेल.

फळांबाबत सासूबाईंची समजूत काढावी लागेल, पण हळुवार. फळ म्हणजे कुत्र्यासाठी गोड खाऊ. पपईच्या दोन फोडी, बिया काढलेलं सफरचंद, पेरूचा गर, कलिंगडाचा तुकडा, केळ्याच्या चार चकत्या यांनी काही बिघडत नाही, बिस्किटांपेक्षा लाख पटीने बरं. सगळा खाऊ मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत राहावा. मधुमेही कुत्र्याला केळं-चिकू-आंबा नको.

आणि जे कधीच द्यायचं नाही ते सगळ्या घराने, मुलांनी आणि कामाच्या मावशींनीही लक्षात ठेवायला हवं. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञ पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असल्याचं मांडलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंच, चिंचेचा कोळ, चिंचेच्या गोळ्या आपल्या घरात द्राक्षांइतक्याच उंचावर ठेवा. कांदा-लसूण कच्चा असो, तळलेला असो किंवा पूड, तांबड्या रक्तपेशी फोडतो. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्याने रक्तात ठळक बिघाड झाल्याची नोंद आहे, आणि रोज थोडा थोडा पोटात गेला तरी तो साठत जातो. आंब्याची कोय आणि मक्याचं बुरकुंड विषारी नाहीत, पण आतड्यात अडकतात. मे महिन्यात कोय काढण्यासाठी पोट उघडावं लागणं हा दर उन्हाळ्यातला प्रकार आहे. सीताफळाच्या बिया, ॲव्होकॅडो, कच्चा हिरवा टोमॅटो, कोंब आलेला बटाटा हेही नको.

शेवटी कच्चेपणाबद्दल माझं मत, कारण तुम्ही स्पष्ट विचारलं नसलं तरी ते लपवणं योग्य नाही. कच्च्या चिकनमधून साल्मोनेला, ई-कोलाय घरात येतात आणि कुत्र्याच्या लाळेतून, विष्ठेतून पसरतात. कुत्रा धडधाकट दिसतो, आजारी पडतं रांगणारं बाळ किंवा घरातलं म्हातारं माणूस. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि तिथेही संशयाची सुई त्यांना दिलेल्या कोंबडीकडेच गेली होती. त्याहून मला काळजी वाटते ती शेळी-मेंढीच्या कच्च्या फुप्फुसाची, यकृताची आणि वजडीसोबत येणाऱ्या इतर अवयवांची. त्यातल्या हायडॅटिड गाठी कुत्र्याच्या पोटात गेल्या की तिथे फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून माणसाच्या हाताला लागतात आणि पुढे माणसाच्या यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. हे अवयव शिजवूनच द्या. कच्चं देणारच असाल तर उणे 20 अंशांवर किमान आठवडाभर गोठवा आणि दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध द्या. गोठवल्याने कृमी मरतात, जिवाणू मात्र मरत नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल तर मी कच्चा आहार बंदच करायला सांगतो.

तुमच्या घरासाठी मी हेच सगळं हलकं शिजवून सुचवेन. भाजीच्या मुद्द्याला त्याने काहीच फरक पडत नाही. फक्त शिजवलेलं हाड टोकदार फुटतं, म्हणून मग हाड पूर्ण बंद आणि त्याऐवजी उकळून, वाळवून, मैद्यासारखी बारीक केलेली अंड्याच्या टरफलांची पूड द्यायची. प्रौढ, 30 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण चार ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचा पूर्ण न भरता. मूत्रपिंडाचा किंवा मुतखड्याचा त्रास असेल तर ही पूडसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

आज लगेच करायचं ते एवढं: माना कमी करा, पाणी भरपूर ठेवा, संध्याकाळच्या जेवणात दोन मोठे चमचे शिजवलेला भोपळा घाला. दोन दिवसांत शी मऊ झाली नाही, किंवा त्याआधीच त्याने उलटी केली, जेवण सोडलं, पोट धरून वाकून उभा राहिला, तर भोपळ्याच्या भरवशावर थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन पोटाचा एक्स-रे काढून घ्या.